दिवाळीत लातूरहून वेरूळ-अजिंठा, दोन लहान लेकरं घेऊन. कसं करावं?

लातूरची_आई
भाऊबीज झाली की आपल्याच गाडीनं वेरूळ-अजिंठ्याला जायलोत. थोरला पाच वर्षांचा, धाकटी दीड वर्षाची. थोरल्याला गाडी लागते, औशापर्यंत गेलं तरी तोंड उतरतं त्याचं. ह्यांचं म्हणणं, रात्री जेवून नऊला निघू, लेकरं झोपतील, पहाटे छत्रपती संभाजीनगर. मला ते पटंना. मंगळवारी वेरूळ, बुधवारी अजिंठा असं ठरलंय. कुठं थांबावं, खायला काय न्यावं? कुणी लेकरं घेऊन गेलं असेल तर सविस्तर सांगा.

केजकर
ताई, रात्री निघू नका. मी याच रस्त्यावर भाड्याची गाडी चालवतो, म्हणून कळकळीनं सांगतो. दिवाळीच्या मागंपुढं कारखाने सुरू होतात. एकेका ट्रॅक्टरला दोन-दोन ट्रॉल्या, ऊस दोन्ही बाजूंनी बाहेर आलेला, कितीकांना मागं लाल दिवा नाही. समोरच्या गाडीचा उजेड डोळ्यावर आला की ती ट्रॉली अगदी जवळ जाईपर्यंत दिसत नाही. तोडणीला निघालेली बिऱ्हाडंही याच दिवसांत रस्त्यावर असतात, सामानावर त्यांची लेकरं झोपलेली. आपली जपायची आणि त्यांचीही. दादांना हे वाचून दाखवा.

सकाळी सहाला निघा. निघताना थोरल्याला पोटभर दूध देऊ नका, उपाशीही ठेवू नका. दशमीचा एखादा तुकडा पुरे. अंबाजोगाईला उतरा, योगेश्वरीचं दर्शन घ्या, तेवढ्यात लेकरं पळून घेतात. मग केज, नेकनूर. मांजरसुंब्याचा घाट लागायच्या आधी पुन्हा थांबा. घाटात त्याच्या हातात मोबाईल अजिबात नको. डोळे पडद्यावर खिळलेले आणि अंग वळणावर हलतंय, त्यानंच मळमळतं. काच थोडी खाली करून लांबचा डोंगर बघायला लावा. ओकारीचं औषध डॉक्टरला विचारूनच, धाकटीला तर मनानं काहीच देऊ नका.

त्या भागात टोपल्या घेऊन सीताफळवाले बसलेले असतात. बालाघाटाचं सीताफळ आहे, जरूर घ्या, पण धाकटीला बिया काढून गर चारा, तेही गाडी थांबवून. चालत्या गाडीत घास अडकला तर मागं वळेपर्यंत उशीर होतो.

बीडला जेवण, शहागडला लेकरांना पुलावरून गोदावरी दाखवा, दिवेलागणीच्या आत मुक्काम. खायला दशम्या, बिनतिखटाचे धपाटे, केळी. शेंगदाण्याची चटणी मोठ्यांसाठी.

सातारा_परिसर
ताई, मंगळवारी वेरूळची लेणी बंद असतात! अजिंठा सोमवारी बंद. बेत आत्ताच बदला.

माझं मत विचाराल तर या खेपेला अजिंठा सोडा. शहरापासून एका बाजूनं शंभर किलोमीटर, गाडी फर्दापूरच्या फाट्यावर लावायची, तिथून बस, मग पायऱ्या. चित्रांच्या लेण्यांत चपला काढायच्या, उजेड मंद. दीड वर्षाचं लेकरू कडेवर घेऊन ती चित्रं तुम्हाला डोळे भरून बघताच येणार नाहीत, आणि ती तशीच बघायला हवीत. वेरूळला मात्र कैलास, म्हणजे 16 नंबरचं लेणं, दारातून आत गेलं की समोरच. वरून खाली कोरत आणलेला अख्खा एक डोंगर. थोरल्याला तिथले दगडी हत्ती मोजू द्या. चौतीसच्या चौतीस लेणी बघायचा हट्ट नको. सकाळी लेणी, मग घृष्णेश्वर, परतताना दौलताबादला चांदमिनारापर्यंत. वर अंधारीत, म्हणजे किल्ल्यातल्या काळोख्या भुयारी वाटेत, नेऊ नका. ढकलगाडी कुठंच चालत नाही, झोळी घ्या.

मी_परभणीची
धाकटीला पुढच्या सीटवर मांडीवर घेऊन बसू नका. एअरबॅग उघडली तर लेकरू तुमच्या आणि तिच्या मध्ये सापडतं. मागच्या सीटवर तिच्या वजनाची चाइल्ड सीट बांधा. चौदा वर्षांखालच्या मुलाला बेल्ट किंवा अशी सीट नसेल तर चालवणाऱ्याला एक हजार दंड आहे, पण दंडासाठी नका करू, तिच्यासाठी करा. आठवडाभर आधीपासून घराजवळच थोडं-थोडं तिच्यात बसवून फिरवा, मग रडत नाही.

लातूरची_आई
सगळं ह्यांना वाचून दाखवलं. सकाळीच निघायचं ठरलं. बुधवारी वेरूळ, अजिंठा पुढं कधीतरी. जावेकडं चाइल्ड सीट आहे, ती आणते. काका, एकच विचारते: वाटेत बायका-लेकरांसाठी स्वच्छ संडास कुठं मिळेल?

केजकर
बीडच्या पुढं हायवेला लागलात की मोठे पेट्रोल पंप आहेत, तिथंच जा. त्याच्या आधी अंबाजोगाईतच सगळ्यांचं उरकून घ्या. पाण्याची पाच लिटरची कॅन आणि साबण डिक्कीत नाही, हाताशी ठेवा.