एलिस्पॉट: नुसत्या मीडियमच्या वेलमध्येही एवढे ठिपके का?

प्लीहापुराण:
उंदरांच्या स्प्लीनवर (प्लीहेवर) इंटरफेरॉन-गॅमाचा एलिस्पॉट करतेय, म्हणजे चेतलेल्या प्रतिकारपेशी सोडतात ते हे प्रथिन, पेशीमागे एक ठिपका असं मोजतेय. सी५७ ब्लॅक-६ उंदीर, ओव्हाल्ब्युमिन (अंड्यातलं प्रथिन) आणि प्रतिसाद वाढवणाऱ्या अ‍ॅडज्युव्हंटची लस, दहाव्या दिवशी स्प्लीन. प्लेटच्या वेलमागे (दर खळग्यात) ३ लाख पेशी, सिइन्फेकल पेप्टाइड (ओव्हाल्ब्युमिनचाच छोटा तुकडा) २ मायक्रोग्रॅम प्रति मिलि, २० तास. पेप्टाइडच्या वेलमध्ये ११०-१२० ठिपके येतात, पण नुसत्या मीडियममध्येही (पेशींचं पोषक द्रव, पेप्टाइड नाही) ६०-७०! कॉन-ए (सरसकट टी पेशी चेतवणारं, पॉझिटिव्ह कंट्रोल) घातलेली वेल तर पूर्ण काळी. सर म्हणतात पेशी वाढव. मंजुरीतले उंदीर थोडेच उरलेत, त्यामुळे आधी काय बदलू ते सांगा.

निळा_गेट:
एलिस्पॉट सोडा, आयसीएस (पेशीच्या आतलंच इंटरफेरॉन रंगवून फ्लो सायटोमीटरवर मोजणं) करा. सीडी८ टी पेशींवर गेट लावलं (फक्त त्याच निवडल्या) की ठिपका कोणाचा हा प्रश्नच उरत नाही. ब्रेफेल्डिन (प्रथिन पेशीबाहेर पडू न देणारं) विसरू नका.

जुनी_पिपेट:
निळ्या गेटवाल्यांनो, पाहुणा घरात शिरला म्हणून घर बदलायचं का? आयसीएस जरूर करा, पण प्रतिसाद क्षीण असेल तर एलिस्पॉटच जास्त संवेदनशील. आणि ब्रेफेल्डिनची बाटली एलिस्पॉटच्या बाकावर ठेवूही नका. पेशीबाहेर काही पडलंच नाही, तर वेलच्या तळाच्या मेम्ब्रेनवर काय दिसणार?

बाळ, पेशी वाढवू नकोस. सिग्नलबरोबर पार्श्वभूमीही वाढेल आणि ठिपके एकमेकांत मिसळतील. उलट १, २ आणि ४ लाख अशी उतरंड लाव.

पण त्याआधी एक सांग: पेशी न घातलेल्या वेलमध्ये काय दिसतं? तिथेही ठिपके असतील तर दोष अँटिबॉडीत किंवा धुण्यात. ती वेल कोरी असेल, तर लस न दिलेल्या उंदराच्या पेशी नुसत्या मीडियममध्ये ठेव. तिथेही ठिपके आले की संशय मीडियममधल्या सीरमवर. एफबीएसचे (वासराच्या गर्भाच्या सीरमचे) काही लॉट उंदराच्या लिम्फोसाइट्सना स्वतःच चेतवतात. दोनतीन लॉट आणि एक सीरमविरहित मीडियम शेजारी शेजारी लाव. एका स्प्लीनमधून आठदहा कोटी पेशी सहज मिळतात, म्हणजे हे सगळं एकाच उंदरात भागतं. लस दिलेले उंदीर यात खर्ची घालू नकोस. मीडियममध्ये मर्कॅप्टोइथेनॉल ५० मायक्रोमोलर आहे ना? माणसाच्या पेशी त्याशिवाय चालवून घेतात, उंदराच्या नाही.

आणि लस न दिलेला उंदीर स्वच्छ, दिलेला मात्र ठिपकेदार, असं निघालं तर प्लेटला दोष देऊ नकोस. दहाव्या दिवशी पेशी अंगातच पेटलेल्या असतात, काही आपणहून इंटरफेरॉन सोडतात. बाजारातल्या ओव्हाल्ब्युमिनमध्ये एंडोटॉक्सिनही (जिवाणूंचं विष, तेही पेशी चेतवतं) बरंच असू शकतं. ते तपासून घे.

कॉन-एची काळी वेल मोजता येत नाही. तिथे ५० हजार पेशी पुरे.

प्लीहापुराण:
ताई, पेशी नसलेल्या वेल कोऱ्याच आहेत, एखादा ठिपका फार तर. मर्कॅप्टोइथेनॉल आहे. सीरमचा लॉट याच महिन्यात बदललाय. लस न दिलेला उंदीर मंजुरीत आहे, सोमवारी घेते. डीएमएसओचा काही परिणाम होईल का?

जुनी_पिपेट:
पेप्टाइड डीएमएसओत विरघळवलंय ना? मग नुसत्या मीडियमच्या वेलमध्येही तेवढाच डीएमएसओ घाल, नाहीतर तुलनेला अर्थ नाही. शेवटचं प्रमाण अर्ध्या टक्क्याच्या खाली ठेव. नवा लॉट म्हणतेस, तर जुन्या बाटलीत तळाशी काही उरलं असेल तेही सोमवारी लाव.

आणखी एक, लहान वाटेल पण फार लोक इथे फसतात. पेप्टाइड आधी टाकून मग त्याच टिपने मीडियमच्या वेलकडे जाऊ नकोस. आधी मीडियम, मग पेप्टाइड, कॉन-ए सगळ्यात शेवटी.

निळा_गेट:
ताईंचं मान्य. फक्त एक भर: इन्क्युबेटरमध्ये प्लेटी एकावर एक रचू नका, कडेच्या वेल वेगळ्या वागतात. आणि रात्री कोणी दार आपटून प्लेट हलवली, तर ठिपक्यांऐवजी शेपट्या दिसतात. दारावर चिठ्ठी लावा.

प्लीहापुराण:
चिठ्ठी लावते. सोमवारच्या प्लेटचे आकडे इथेच टाकेन. सरांना पेशी का वाढवल्या नाहीत ते मात्र ताईंच्या शब्दांत सांगता येणार नाही.