जुन्या खून प्रकरणांच्या क्लबची भेट: वाद न होता कशी रंगवायची?

आमचा आठ-दहा जणांचा ग्रुप आहे, महिन्यातून एकदा भेटतो आणि विषय कुठूनही सुरू झाला तरी गाडी १८८८ च्या व्हाइटचॅपलवर, म्हणजे लंडनच्या त्या भागात जॅक द रिपरने केलेल्या खुनांवर येऊन थांबते, मग खुनी कोण यावरून दोघं जण इतके तावातावाने भांडतात की नवीन आलेली माणसं गप्प बसून मोबाईल बघतात. काय करावं?

उत्तर १
संशयितांवर बंदीच घाला एक दिवस! आम्ही लंडनचा पोलीस अधिकारी मॅकनॉटन याचं संशयितांवरचं १८९४ चं टिपण प्रिंट काढून सगळ्यांना वाटलं आणि फक्त त्यातल्या चुका शोधायला सांगितल्या. त्यातल्या एका संशयिताला, ड्रुइटला, त्याने डॉक्टर म्हटलंय, वय ४१ दिलंय, प्रत्यक्षात तो वकील, शाळेत शिकवायचा आणि वय ३१. हे सापडल्यावर नवीन मुलगीच सगळ्यात जास्त बोलली, जुने जाणकार तोंडात बोट घालून बसले.

उत्तर २
वरच्याशी सहमत, पण मला खरं खटकतं ते वेगळंच. खुन्याच्या नावावर तासभर, आणि खून झालेल्या मेरी अॅन निकोल्सबद्दल एक वाक्य नाही. त्या रात्री लॉजिंग हाऊसच्या खाटेचे चार पेन्स नव्हते म्हणून ती रस्त्यावर होती हो! एक भेट फक्त खून झालेल्या त्या पाच बायकांवर ठेवा. आणि शवागारातले फोटो जेवताना फिरवू नका प्लीज, आमच्याकडे एकाने केलं होतं, अर्धी ताटं तशीच राहिली.

प्रश्नकर्ता
टिपणाची आयडिया भारी. त्या दोघांना शेजारी बसवू की लांब?

उत्तर १
एकाच टीममध्ये टाका 😄