प्रति: तरुण टिकवायचे तर कार्यक्रम वाढवा?

या चर्चेत वर एका बंधूंनी लिहिलंय की तरुणांना ख्रिस्ती मंडळीत (चर्चमध्ये) टिकवायचं तर वाद्यवृंद, शिबिरं, स्पर्धा वाढवाव्यात. हे सगळं असू द्या, माझा विरोध नाही. पण आमच्या सोलापुरात मला दिसतं ते असं: रविवारच्या उपासनेत मंडळीच्या सूचना-जाहिरातींना पंधरा मिनिटं जातात, हंगामाच्या सणाला अर्पण आलेल्या वस्तूंच्या लिलावाला अख्खी दुपार, आणि ख्रिस्त आपल्या पापांसाठी मेला, पुरला गेला, तिसऱ्या दिवशी उठला, हे मात्र गुड फ्रायडे आणि ईस्टरपुरतंच उरतं. प्रेषित पौल बायबलमधल्या करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्रात (१ करिंथ १५) याच गोष्टी 'प्रथम' सांगितल्या म्हणतो. आणि तो हे मंडळीला लिहितोय, बाहेरच्यांना नव्हे! तीन-चार पिढ्यांच्या ख्रिस्ती घरातल्या मुलालाही कृपा नव्यानेच ऐकावी लागते, आडनावाबरोबर ती येत नाही.

सेवाकार्य हीच सुवार्ता (ख्रिस्ताची शुभवार्ता), असं याच चर्चेतल्या एका ताईंचं म्हणणं. इथे सोलापुरात अमेरिकन मराठी मिशनने (अमेरिकन मिशनऱ्यांच्या संस्थेने) शाळाही चालवल्या आणि वचनही सांगितलं. सेवा हे सुवार्तेचं फळ. पण 'देवाने तुझ्यासाठी काय केलं' हे शब्दांत सांगावंच लागतं.

ख्रिस्ती कवी रेव्ह. ना. वा. टिळकांची भजनं आपण मनापासून गातो. पाळकांनी एखाद्या रविवारी त्यातल्याच एका भजनावरून ख्रिस्ताचा वधस्तंभ समजावून सांगावा, प्रभुभोजनाआधी (भाकर-द्राक्षरसाच्या विधीआधी) घाई न करता. कमिटीच्या सभेतही जमाखर्चाआधी एवढंच विचारावं: या महिन्यात क्षमेची वार्ता कोणाला, कुठे सांगितली?