सोनोग्राफी नॉर्मल आली तरी

वर ताईंनी लिहिलंय, मुलीची सोनोग्राफी नॉर्मल आली, म्हणजे एंडोमेट्रिओसिस (गर्भाशयाच्या अस्तरासारखा थर गर्भाशयाबाहेर वाढून पाळीत खूप दुखतं तो आजार) नाही. ताई, एवढ्यावर थांबू नका. या आजारात अंडाशयात होणारी चॉकलेट सिस्ट (जुन्या रक्ताने भरलेली गाठ) सोनोग्राफीत दिसते, पण पोटाच्या आतल्या पडद्यावरचे त्याचे वरवरचे डाग बहुतेकदा दिसत नाहीत. युरोपातल्या तज्ज्ञांच्या २०२२ च्या मार्गदर्शक सूचनांनुसार, दुर्बिणीची शस्त्रक्रिया न करताही लक्षणांवरून गोळ्या सुरू करता येतात.

आमच्या इंदूरला माझी भाची पाळीत गरम पाण्याची पिशवी ओढणीने पोटाला बांधून अभ्यासाला बसायची. ‘लग्न झालं, मूल झालं की थांबेल’ असं आम्हीच तिला सांगायचो, त्याचं आजही फार वाईट वाटतं. गर्भारपण हा यावरचा उपचार नव्हे! आता डायनोजेस्ट या हार्मोनच्या गोळीने तिचं दुखणं बरंच कमी झालंय (गोळी बंद केल्यावर परत येऊ शकतं, हे डॉक्टरांनी आधीच सांगितलंय). पुन्हा दाखवायला जाताना पाळीच्या तारखा आणि कुठे, किती दुखलं ते लिहिलेली वही सोबत न्या.