भरीत नेमके ‘खानदेशी’ कशामुळे ठरते?

तापीकाठचा_पुणेकर

सर्वांना नमस्कार. माझे गाव भुसावळ तालुक्यात तापीच्या काठी आहे आणि नोकरीनिमित्त गेली अकरा वर्षे मी पुण्यात राहतो. मागच्या आठवड्यात मी डब्यात भरीत आणि कळण्याची, म्हणजे ज्वारी-उडीद एकत्र दळलेल्या पिठाची, भाकरी नेली होती. ती पाहून अकोल्याचे एक सहकारी म्हणाले, की वांग्याचे भरीत आमच्याकडेही हिवाळ्यात घरोघरी होते, मग त्यात खानदेशाचे वेगळे असे काय आहे? साताऱ्याच्या एका ताईंनी त्यावर सांगितले, की त्यांच्याकडे भरितात दही आणि कच्चा कांदा घालतात आणि त्यांना तेच खरे भरीत वाटते. मला राग आला आणि मी बराच वेळ बोललो. पण घरी परतताना लक्षात आले, की मी एकही मुद्दा धड मांडलेला नव्हता. ‘आमच्या आईच्या हातचे एकदा खाऊन पाहा’ एवढेच काय ते मी म्हणालो, आणि तेवढे तर त्या ताईही म्हणू शकल्या असत्या.

राग इतका का आला, याचे कारण थोडे जुने आहे. गेल्या जूनमध्ये इथल्या एका हॉटेलात ‘अस्सल खानदेशी भरीत’ अशी पाटी पाहून मी घरच्यांना आवर्जून घेऊन गेलो. ताटात आले ते जांभळ्या वांग्याचे, टोमॅटो आणि हळद घातलेले, वर लाल तिखटाचा तवंग असलेले काहीतरी. माझ्या आठ वर्षांच्या मुलीने विचारले, ‘बाबा, आजीकडे असते ते हेच का?’ मला त्याचे फार वाईट वाटले. म्हणून विचारतो: भरीत खानदेशी कशामुळे ठरते, आणि ते आमचे आहे असे म्हणण्याचा आधार नेमका कोणता?

यावलचा_शेतकरी

दादा, आधार वांग्यापासूनच सुरू होतो, मसाल्यापासून नाही. आपल्याकडचे भरिताचे वांगे हिरवट-पांढरे, मोठे, पातळ सालीचे आणि कमी बियांचे असते. जळगावच्या भरिताच्या वांग्यांना 2016 मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले, त्याच वर्षी जळगावच्या केळीला आणि नवापूरच्या तूरडाळीलाही मिळाले. मात्र एक गोष्ट नीट लक्षात घ्यावी, कारण आपली बरीच मंडळी येथे गफलत करतात: हे मानांकन वांग्याला आहे, भरिताला नाही. म्हणजे दुसरीकडचे वांगे ‘जळगावचे भरिताचे वांगे’ म्हणून विकता येणार नाही. पण तुमच्या त्या हॉटेलाला टोमॅटो घातलेल्या पदार्थावर ‘खानदेशी’ अशी पाटी लावण्यापासून हे मानांकन रोखू शकत नाही. शिवाय ही नोंदणी एका वेळी 10 वर्षांची असते, पुढे नूतनीकरण करावे लागते, आणि ते नाव वापरून माल विकणाऱ्या शेतकऱ्याने अधिकृत वापरकर्ता म्हणून स्वतःची वेगळी नोंद करायची असते. अभिमानाने बोलणारे गावोगाव भेटतात, पण अशी नोंद केलेले माझ्या ओळखीत फार थोडे आहेत, आणि ही गोष्ट मला मनापासून खुपते.

बामणोद, भादली, आसोदा या गावांचे वांगे बाजारात गावाच्या नावाने मागितले जाते. घेणारा जाणकार वांगे आधी तळहातावर तोलून पाहतो. आकाराच्या मानाने हलके लागले तर त्यात बी कमी असते, जड लागले तर तो ते परत ठेवतो. माझे वडील तर डोळे मिटून वांगी निवडायचे.

दुसरी गोष्ट जाळाची. हिवाळ्यात कपाशीची वेचणी संपत येते, शेतातली झाडे उपटली जातात आणि त्या वाळलेल्या काड्या बांधावर रचून ठेवलेल्या असतात. नेमकी त्याच दिवसांत वांगी भरात येतात. काड्यांचा जाळ भडकन पेटतो आणि लवकर बसतो, त्यामुळे साल पूर्ण करपते, आतला गर मात्र स्वतःच्याच पाण्यात शिजतो आणि त्याला धुराचा वास लागतो. गॅसच्या बारीक आचेवर वांगे भाजते, पण हा वास येत नाही. वांगी आणि काड्या एकाच शिवारात, एकाच महिन्यात मिळाल्या म्हणून हे भरीत आपल्याकडे असे झाले, अशी माझी समजूत आहे, आणि जूनमधले भरीत मला पटत नाही तेही याच कारणाने.

भाजल्यावर साल काढून गर लाकडी भांड्यात मुसळाने ठेचायचा. सोबत भाजलेल्या हिरव्या मिरच्या आणि लसूण ठेचायचा, आणि सढळ तेलाच्या फोडणीत शेंगदाणे, खोबऱ्याचे काप व कांद्याची पात परतून त्यात हे सगळे घालायचे. हळद नाही, लाल तिखट नाही, टोमॅटो तर मुळीच नाही. तेल कमी केले तर ते भरीत राहत नाही, हे मी डॉक्टरांसमोरही सांगितले आहे.

मलकापूरकर

वरच्या दादांशी मी वांगे, जाळ आणि ठेचण्याबाबत पूर्ण सहमत आहे. हरकत आहे ती फक्त ‘आपल्याकडे’ या शब्दाला. माझा तालुका बुलढाणा जिल्ह्यात, अमरावती विभागात, म्हणजे सरकारी हिशेबाने विदर्भात येतो. पण आमची सोयरीक रावेर, मुक्ताईनगर आणि बुऱ्हाणपूरपर्यंत पसरलेली आहे, आणि माझ्या आजीचे भरीत यावलच्या भरितापेक्षा तसूभरही वेगळे नव्हते. मी नागपूरला शिकायला गेलो तेव्हा तिथले मित्र मला खानदेशी म्हणत, आणि जळगावला गेलो की तिथले लोक वऱ्हाडी म्हणतात. अकोल्याचे ते सहकारी ‘आमच्याकडेही होते’ असे म्हणाले, त्यात त्यांनी खोटे काही सांगितलेले नाही.

बुऱ्हाणपूर ही फारुकी सुलतानांच्या काळात खानदेशाची राजधानी होती आणि आज ते मध्य प्रदेशात आहे. राज्याची रेघ बदलली म्हणून तिथल्या चुली बदलल्या नाहीत. रसगुल्ल्यावरून बंगाल आणि ओडिशा अनेक वर्षे भांडले. शेवटी 2017 मध्ये बंगालच्या आणि 2019 मध्ये ओडिशाच्या रसगुल्ल्याला स्वतंत्र मानांकन मिळाले, कारण दोन्हींची घडण आणि गोडी वेगळी आहे. म्हणून ‘भरीत कोणाचे’ असे विचारण्याऐवजी ‘हे कोणत्या रीतीचे भरीत आहे’ असे विचारले, तर साताऱ्याच्या ताईंचे दह्याचे भरीतही आपल्या जागी योग्य ठरते आणि आपल्यालाही आपली रीत नेमकी सांगता येते. ती रीत मोडणाऱ्या पाटीला मात्र विरोध केलाच पाहिजे, आणि त्यात मी तुमच्यासोबत आहे.

पांझराकाठची

चर्चा चांगली चालली आहे, पण खानदेश म्हणजे जळगाव असे धरूनच सगळे बोलत आहेत, याचे धुळेकर म्हणून वाईट वाटते. 1906 मध्ये खानदेशाचे पूर्व आणि पश्चिम असे दोन जिल्हे झाले. पूर्वेचे ठाणे जळगाव आणि पश्चिमेचे धुळे. भरिताचा मान पूर्वेकडे राहो, त्याबद्दल माझी तक्रार नाही. पण पाहुण्यासमोर खानदेशाची ओळख करून द्यायची झाली, तर मी वरण-बट्टीच वाढीन.

हिलाही लोक सर्रास ‘राजस्थानी पदार्थ’ म्हणतात, आणि तुम्हाला भरिताबद्दल जो राग आला तोच मला तेव्हा येतो. तिकडची बाटी निखाऱ्यावर भाजलेला गोळा असते. आमच्याकडे गव्हाच्या जाडसर पिठात थोडा मक्याचा भरडा, ओवा, जिरे आणि हळद घालून गोळे उकडतात, ते निवल्यावर कापतात आणि मग तळतात. त्यामुळे कापलेली बाजू कुरकुरीत होते आणि आतला भाग मऊ राहून वरण शोषून घेतो. गरम असतानाच कापायची घाई केली तर बट्टीचा चुरा होतो; लग्नानंतर पहिल्याच पंगतीत माझ्या हातून तो झाला होता आणि सासूबाईंनी तो चुरा वरणात कालवून स्वतःच्या ताटात घेतला, हे मी कधी विसरणार नाही. सोबत घोटलेली वांग्याची भाजी हवीच. बट्टीची मूळ कल्पना माळव्या-निमाडाकडून आली असेलही, मला त्याचे वावडे नाही, पण उकडून-कापून-तळण्याची ही रीत आमच्या पंगतीत मुरलेली आहे.

शेवभाजीबद्दलही थोडक्यात सांगते. मुंबई-आग्रा आणि सुरत-नागपूर हे दोन महामार्ग धुळ्यात एकमेकांना छेदतात. शेवभाजीची कीर्ती घरांपेक्षा या रस्त्यांवरच्या ढाब्यांनी जास्त पसरवली असावी, असे मला वाटते. पण जाड तिखट शेव ताटात वाढतानाच रश्श्यात घालायची असते, एवढे पथ्यही पुण्यातली हॉटेले पाळत नाहीत आणि आपल्यासमोर लगदा आणून ठेवतात.

सातपुडा_पायथा

नंदुरबारहून लिहितो आहे. वरचे सगळे वाचले आणि आवडले, पण आमचा जिल्हा 1998 मध्ये वेगळा झाला तसा खाण्याच्या चर्चेतूनही वेगळाच राहिलेला दिसतो. धुळे-जळगावच्या घरांत वर्षाचे तिखट होते, त्यातली किती मिरची नंदुरबारच्या पथाऱ्यांवर वाळलेली असते, हे एकदा घरी विचारून पाहावे. अक्राणीच्या डोंगरात उन्हाळ्यात बायामाणसे कैऱ्या सोलून, त्यांच्या फोडी वाळवून आमचूर करतात. मोहाची फुले तिकडे भाजून, शिजवून खातात, तरीही मोहाचे नाव काढले की बाहेरच्या माणसाला फक्त दारू आठवते. खानदेशाचा अभिमान सांगताना या घरांची चूलही त्यात धरावी, एवढीच विनंती आहे.

तापीकाठचा_पुणेकर

आपणा सर्वांचे मनापासून आभार. मलकापूरकर दादांचे म्हणणे मला पटले आहे आणि अकोल्याच्या सहकाऱ्यांशी मी उद्याच बोलणार आहे. त्या हॉटेलाच्या मालकांनाही भेटून, भांडण न करता, वांगे, जाळ आणि मसाला या तिन्ही गोष्टी सांगणार आहे. निदान टोमॅटो घालायचा असेल तर पाटीवरचा ‘अस्सल’ हा शब्द काढा, असे म्हणणार आहे. पांझराकाठच्या ताईंची बट्टी येत्या रविवारी करून पाहीन आणि ती पूर्ण निवेपर्यंत सुरीला हात लावणार नाही.

यावलच्या दादांना एकच विचारायचे आहे. डिसेंबरात आम्ही गावी येणार आहोत आणि मुलीला काड्यांवरचे भरीत शेतातच दाखवायचे आहे. वांगी आदल्या दिवशी आणून ठेवली तर चालतात का?

यावलचा_शेतकरी

आदल्या दिवशी आणू नका. सकाळी दहिवर ओसरल्यावर मळ्यात या. वांगी मुलीलाच तोडू द्या, काड्या मी बाजूला काढून ठेवतो. येताना फक्त कळण्याचे पीठ आणा, कारण आमच्या गिरणीवर ते रोज दळत नाहीत.