लिंच सिंड्रोम: बायॉप्सीऐवजी लघवी किंवा स्वॅबची तपासणी चालेल का?

जनुकसल्ला:
पेशंटला लिंच सिंड्रोम आहे, म्हणजे आईवडिलांकडून येणारा जनुकदोष, ज्यात मोठ्या आतड्याच्या आणि गर्भाशयाच्या अस्तराच्या कॅन्सरचा धोका वाढतो. वय ३५, त्यातल्या एमएसएच२ जनुकात दोष सिद्ध झालेला, एक मूल आहे, दुसरे हवे आहे. रक्तस्रावाची तक्रार नाही. दरवर्षी गर्भाशयाच्या अस्तराची बायॉप्सी (नमुना काढून तपासणी) म्हटले की अशा बायका पुन्हा फिरकतच नाहीत. लघवीतल्या पेशी किंवा योनीतल्या स्वॅबवरचे डीएनए मिथायलेशन (डीएनएवरच्या रासायनिक खुणा) यांवर भागवता येईल का? की नुसती टीव्हीएस (योनीमार्गे केलेली) सोनोग्राफी करत राहावी?

स्लाइडवाचक:
आज तरी नाही. तत्त्व पक्के आहे: अस्तरातल्या गाठीच्या पेशी गळून गर्भाशयमुखातून योनीत उतरतात, लघवी करताना तिच्यातही मिसळतात. मँचेस्टरच्या २०२१ च्या अभ्यासात दोन्ही नमुने एकत्र पाहून ९१.७ टक्के कॅन्सर सापडले. पण त्यातल्या २१६ बायका एकतर कॅन्सरचे निदान झालेल्या होत्या, नाहीतर पाळी गेल्यावर रक्तस्राव झालेल्या. तुमच्या पेशंटला यातले काहीच नाही. पाळी चालू असताना अस्तराच्या निरोगी पेशीही गळतात, त्यामुळे स्लाइड वाचताना गोंधळ होतो. लघवीत पेशी लवकर खराब होतात, नमुना लॅबला उशिरा पोचला तर वाचण्यासारखे फार उरत नाही.

झेडएससीएएन१२ आणि जीवायपीसी या जनुकांचे मिथायलेशन मोजणारा स्वॅब जास्त आशादायक वाटतो, तोही मुख्यतः रक्तस्रावाच्या पेशंटवरच पारखलेला. लिंचमध्ये आपल्याला कॅन्सरच्या आधीची पायरी, म्हणजे अ‍ॅटिपिकल हायपरप्लेझिया पकडायची असते. तिथे निगेटिव्ह रिपोर्टवर विसंबू नका. आणि पॅप टेस्ट नॉर्मल आली म्हणून कोणी निर्धास्त होत असेल तर कृपया थांबवा. ती गर्भाशयमुखासाठी आहे.

ओपीडी_टेबल:
नुसत्या टीव्हीएसवरही भागणार नाही. अस्तर पाळीनंतर लगेच २-४ मिमी असते आणि पुढच्या पाळीआधी १६ मिमीपर्यंत जाऊ शकते, तेही निरोगी बाईत. ४ मिमीचा निकष पाळी गेल्यानंतर रक्तस्राव झालेल्यांसाठी आहे, तो ३५ व्या वर्षी लावू नका. टीव्हीएस करायचीच तर पाळी संपता संपता करा.

खरी तपासणी पिपेलची. साधारण ३ मिमी जाडीची मऊ प्लास्टिकची नळी. आधी गरोदरपण नाही याची खात्री. चालत असेल तर तासभर आधी ४०० मिग्रॅ आयबुप्रोफेन. नळी आत गेल्यावर दट्ट्या पूर्ण ओढायचा आणि नळी गोल फिरवत वरखाली करायची. घाई केली की फक्त रक्त आणि म्यूकस येते, मग रिपोर्ट ‘नमुना अपुरा’. अपुरा म्हणजे नॉर्मल नव्हे. हार्मोनची कॉपर-टीसारखी वस्तू बसवलेली असेल तर अस्तर पातळ झाल्याने नमुना कमीच मिळतो, फॉर्मवर ते लिहा.

जनुकसल्ला:
कळ सहन होत नाही ही मुख्य अडचण आहे. कोलोनोस्कोपीच्याच वेळी केली तर?

ओपीडी_टेबल:
जरूर. लिंचमध्ये कोलोनोस्कोपी १-२ वर्षांनी करायचीच असते. त्याच गुंगीत बायॉप्सी उरकते. तारीख ठरवतानाच दोन्ही विभागांना कळवा, नाहीतर त्या दिवशी पिपेल टेबलावर नसते. बायॉप्सीही १-२ वर्षांनी चालते, दरवर्षीचा हट्ट नको.

चौथीपिढी:
पेशंटला एक गोष्ट स्पष्ट सांगा: बायॉप्सीने मृत्यू कमी होतात असा भक्कम पुरावा अजून नाही. कॅन्सर टळतो असा पुरावा शस्त्रक्रियेचा आहे. लिंच असलेल्या बायकांच्या २००६ च्या अभ्यासात गर्भाशय काढलेल्या ६१ जणींपैकी एकीलाही अस्तराचा कॅन्सर झाला नाही. न काढलेल्या २१० पैकी ६९ जणींना झाला. दुसरे मूल झाल्यावर, चाळिशीच्या आसपास, हा विषय काढाच. अंडाशयेही काढली तर नैसर्गिक पाळी जाण्याच्या वयापर्यंत, मनाई नसेल तर, इस्ट्रोजेन द्यावे लागते. दोष पीएमएस२ या लिंचच्याच दुसऱ्या जनुकात असेल तर धोका बराच कमी, तिथे हे गणित वेगळे.

आणि दोन पाळ्यांच्या मध्ये डाग दिसले, किंवा पाळी एकाएकी जास्त जायला लागली, तर पुढच्या तारखेची वाट न पाहता त्याच आठवड्यात बायॉप्सी, आधीचा रिपोर्ट कितीही चांगला असो. ही ओळ तिच्या फाइलच्या पहिल्या पानावर मराठीत लिहून द्या. तिच्या बहिणींचीही रक्ततपासणी राहिली असेल तर तेही बघा, प्रत्येकीला दोष असण्याची शक्यता ५० टक्के आहे.