बेल हाउसिंगचे वरचे बोल्ट

जुन्या पिकअपच्या बेल हाउसिंगचे (इंजिन व गिअरबॉक्स जिथे जोडले जातात तिथल्या घंटेच्या आकाराच्या कवचाचे) वरचे बोल्ट इंजिन उतरवल्याखेरीज निघत नाहीत, असे काहीजण म्हणतात. ते मला पटत नाही. इंदुरात देवास नाक्यावरच्या मिस्त्रींनी माझ्या गाडीचा प्रोपेलर शाफ्ट (गिअरबॉक्सपासून मागच्या चाकांकडे जाणारा फिरता दांडा) आणि गिअर लिव्हर काढून, गिअरबॉक्सला लाकडी फळी व जॅकचा आधार देऊन मागचा क्रॉस मेंबर (गिअरबॉक्सला खालून पेलणारा आडवा तुळईसारखा भाग) सोडला आणि गिअरबॉक्सची मागची बाजू हळूहळू खाली घेतली, तेव्हा वर एवढी फट पडली की लांब एक्स्टेन्शन व युनिव्हर्सल जॉइंट (कोनात वळणारा सांधा) लावलेला गोटी पाना मागून थेट बोल्टपर्यंत पोहोचला. मात्र इंजिनही मागे कलते, म्हणून रेडिएटरचा पंखा त्याच्या भोवतीच्या आवरणाला टेकत नाही ना, रेडिएटरच्या नळ्या ताणल्या जात नाहीत ना, हे एकाने बॉनेटपाशी उभे राहून पाहत राहणे अत्यावश्यक आहे.